‘फ्रॅकिंगनं एकही विहीर नासली नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

गॅसचे भाव चढले की एक फॉरवर्ड हमखास उगवतो. सारांश असा: फ्रॅकिंग (जमिनीखालचा खडक दाबानं तडकवून तेल-गॅस काढणं) अमेरिकेत 1947पासून चालू आहे, लाखो तेल-गॅसविहिरी झाल्या, पण पिण्याचं पाणी बिघडल्याचं एकही उदाहरण सिद्ध झालेलं नाही. नळाच्या पाण्यासोबत आलेला वायू काडी लावताच पेटतो, ती निसर्गाची करणी. बोंब मारतात ते बाहेरून आलेले सिनेमावाले. आणि लोकांना खरंच नको असेल तर त्यांनी मतदान करून बंद करावं, रस्त्यावर कशाला बसायचं? जमीन आपली नाही, अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया-टेक्सास राज्यांची आहे. पण विषय अगदीच परका म्हणता येत नाही. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीनं करार केलेला अमेरिकी एलएनजी (द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू) घेऊन पहिलं जहाज मार्च 2018 अखेर लुइझियानाहून आलं, ते दाभोळलाच लागलं.

1947 हे साल खरं आहे. कॅन्ससमध्ये तेव्हा पहिला प्रयोग झाला, घट्ट केलेलं सुमारे 1,000 गॅलन पेट्रोल वापरून. म्हणजे 3,800 लिटर, अर्धा टँकरही नाही. आज भांडण आहे ते तंत्र वेगळं आहे. हजारो फूट खाली गेल्यावर ड्रिल आडवं वळवायचं, शेल नावाच्या, गॅस धरून ठेवणाऱ्या घट्ट खडकात आणखी काही हजार फूट घुसायचं आणि पाणी, वाळू, रसायनं प्रचंड दाबानं मारून खडक तडकवायचा. पेनसिल्वेनियाकडच्या मार्सेलस शेलमधली एक गॅसविहीर दीड कोटी लिटर पाणी सहज पिते, दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर. हे गणित टेक्सासमध्ये जमत गेलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या काही वर्षांत. आजोबांची बैलगाडी कधी उलटली नाही म्हणून नातवाच्या ट्रकला दाखला द्यायचा, त्यातला हा प्रकार.

आता ‘एकही उदाहरण नाही’. इथे सगळी चलाखी एका शब्दात आहे. कंपनी ‘फ्रॅकिंग’ म्हणते तेव्हा तिच्या मनात खडक तडकवण्याचं खोलवरचं, थोड्या दिवसांचं काम तेवढं असतं. गावकरी तोच शब्द वापरतात तेव्हा त्यात ट्रक, ड्रिलिंग, सिमेंट, सांडपाणी सगळं येतं. 2011मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, ईपीएच्या, प्रमुख लिसा जॅक्सन यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं, की फ्रॅकिंगच्या ‘प्रक्रियेनं’ पाणी बिघडल्याचं सिद्ध उदाहरण आपल्याला माहीत नाही. फॉरवर्डमध्ये येताना त्यातली ‘प्रक्रिया’ गळून पडते.

ज्यानं शेतात बोअर मारून घेतलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. केसिंग, म्हणजे बोअरमधला पाइप, नीट बसलं नाही तर वरची माती-पाणी बोअरमध्ये उतरतं. गॅसच्या विहिरीत उलटं होतं. शेल सहा हजार फुटांवर आणि पिण्याचं पाणी दोनशे फुटांवर, मधे एवढा खडक, हे अगदी बरोबर. पण ते सगळे थर भेदून जाणारं भोक आपणच पाडलेलं असतं. पाइप आणि खडक यांच्यामधलं सिमेंट कच्चं राहिलं तर मिथेनला, म्हणजे खालच्या ज्वलनशील वायूला, वर यायला तीच वाट पुरते.

पेनसिल्वेनियातल्या डिमॉक गावात हेच झालं. 1 जानेवारी 2009ला एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या वायूचा स्फोट झाला, वरची काँक्रीटची फरशी फुटून उडाली. राज्याच्या पर्यावरण खात्यानं चौकशी करून कॅबट कंपनीच्या सदोष गॅसविहिरींवर ठपका ठेवला, आणि पुढे नऊ चौरस मैलांत नवं ड्रिलिंग थांबवलं. कंपनी नाकारत राहिली. 2012मध्ये ईपीएनं 64 घरांचं पाणी तपासून पुढे काही करायची गरज नाही म्हटलं, तेव्हा फॉरवर्डवाल्यांचा जयजयकार झाला. फॉरवर्ड तिथेच थांबतो. पुढचं असं: 2020मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी फौजदारी आरोप ठेवले, आणि नोव्हेंबर 2022मध्ये त्याच कंपनीनं (तोवर नाव कोटेरा झालं होतं) आरोपाला आव्हान न देता गावासाठी नळयोजना बांधायला 1 कोटी 62 लाख 90 हजार डॉलर द्यायचं मान्य केलं. स्फोटानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी.

ईपीएच्या 2015च्या मसुद्यात ‘व्यापक, सार्वत्रिक परिणामांचा पुरावा नाही’ असं वाक्य होतं. तिच्याच वैज्ञानिक सल्लागार मंडळानं त्याला आधार विचारला, आणि डिसेंबर 2016च्या अंतिम अहवालातून ते गेलं. काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, असं तिथे सरळ लिहिलंय.

आणि पुरावा साठणार कसा? 2005च्या ऊर्जा कायद्यानं फ्रॅकिंगला, डिझेल वापरलं नसेल तर, पेयजल सुरक्षा कायद्याच्या भूजल-नियमांतून सूट दिली. तक्रारी कोर्टाबाहेर मिटतात आणि तोंडबंदीच्या करारात पुरल्या जातात. पेनसिल्वेनियातल्या एका कुटुंबाच्या तडजोडीचे कागद 2013मध्ये उघडे झाले, तेव्हा दिसलं की वकिलांच्या म्हणण्यानुसार सात आणि दहा वर्षांच्या मुलांवरही ती बंदी होती. मुलांना ती लागू नाही, असा खुलासा एका कंपनीनं नंतर केला.

पेटत्या नळांबाबत मात्र फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे, आणि ते आपणही मान्य करावं. कोलोरॅडोतल्या ज्या नळाचं दृश्य जगभर गाजलं, त्यातला वायू जमिनीतल्या जिवाणूंनी बनवलेला, असं तिथल्या नियामकांनी तपासून सांगितलं. पण खोल खडकातला मिथेन आणि वरच्या थरातला मिथेन प्रयोगशाळेत वेगळा ओळखता येतो. ड्यूक विद्यापीठानं 2011मध्ये ईशान्य पेनसिल्वेनियात तेच केलं. गॅसविहिरीपासून किलोमीटरच्या आतल्या घरांच्या पाण्यात मिथेन जास्त सापडला, आणि तो खोलवरचा होता. एक नळ खोटा निघाला म्हणून सगळे खोटे ठरत नाहीत.

‘सिनेमावाले’ आले होते, हो. गायिका योको ओनोही आली. पण न्यू यॉर्क राज्यात काम झालं ते ड्रायडनसारख्या गावांत, स्वयंपाकघरातल्या टेबलांवर कायद्याचे कागद पसरून. राज्याचा कायदा गावाला गॅसधंद्याचं ‘नियमन’ करू देत नव्हता. हेलन स्लॉटी या वकीलबाईंनी त्यातून वाट काढली: नियमन नको, कुठल्या जमिनीवर काय चालेल हे ठरवायचा अधिकार तर गावाचाच आहे! गावकऱ्यांनी दीड हजारांवर सह्या गोळा केल्या, गावानं 2011मध्ये बंदी घातली, कंपनी कोर्टात गेली, आणि 30 जून 2014ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं कौल दिला. त्याच डिसेंबरात राज्यभर बंदी जाहीर झाली. शेजारचे काही दूधवाले शेतकरी यावर आजही चिडलेले आहेत. रॉयल्टीच्या पैशात त्यांचं कर्ज फिटलं असतं, आणि त्या रागाला मी खोटं म्हणणार नाही.

राहिला शेवटचा सल्ला, मतदान करा. टेक्सासमधल्या डेंटन शहरानं तेही केलं. गॅसच्याच डोक्यावर वसलेलं शहर, हद्दीत पावणेतीनशेच्या आसपास गॅसविहिरी. नोव्हेंबर 2014मध्ये 59 टक्के लोकांनी बंदीच्या बाजूनं मत दिलं. मे 2015मध्ये राज्यानं कायदा करून गावांचा हा अधिकारच काढून घेतला. 1 जूनला फ्रॅकिंग परत सुरू झालं, आणि गेटसमोर बसलेल्यांना पोलिसांनी उचललं.