म्हणे एका गाण्याचा बँड!

दुपारी गाडीत रेडिओवर 'ला बांबा' लागलं. मस्त वाटत होतं, तेवढ्यात निवेदक हसत म्हणाला, "हा तर एकाच गाण्याचा बँड!" डोकंच फिरलं माझं.

अरे, लॉस लोबोस आहेत ते! पूर्व लॉस एंजेलिसची मेक्सिकन-अमेरिकन पोरं. रॉक वाजवत वाढली आणि 1973 मध्ये एकत्र येऊन आईबापांच्या गाण्यांकडे वळली. गिटारोन, बाहो सेक्स्तो ही मेक्सिकन तंतुवाद्यं शिकली. कितीतरी वर्षं लग्नांत आणि हॉटेलांत वाजवलं.

माझा काका मिरजेत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वरातीत फर्माईश एकाच सिनेमाच्या गाण्याची, पुन्हा पुन्हा. वरात संपली की मांडवामागे बसून तो नाट्यपदं वाजवायचा. ऐकायला आम्ही पोरं आणि आचारी. गावाला विचाराल तर काका म्हणजे तेच वरातीचं गाणं.

1980 मध्ये पंक, म्हणजे आक्रमक रॉक, ऐकणाऱ्या गर्दीसमोर वाजवताना लॉस लोबोसवर बाटल्या फेकल्या गेल्या. तरी अकॉर्डियन सोडलं नाही. 1984 च्या 'हाऊ विल द वुल्फ सर्व्हाइव्ह?' अल्बममध्ये तेच अकॉर्डियन इलेक्ट्रिक गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभं आहे. त्यांचा गायक डेव्हिड हिदाल्गो, त्याचा आवाज ऐका, दुसरं काय सांगू!

'ला बांबा' तर मुळात त्यांचं नाहीच. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचं लोकगीत ते. रिची व्हॅलेन्स या गायकानं 1958 मध्ये त्याचं रॉक केलं आणि त्याच्यावरच्या सिनेमासाठी 1987 मध्ये यांनी गायलं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते नसतं तर हा बँड माझ्यापर्यंत पोचलाही नसता, हे मान्य. बरं, पुढे?

दुसऱ्या कुणीही लगेच दुसरा 'ला बांबा' काढला असता. यांनी 1988 मध्ये काय काढलं? 'ला पिस्तोला इ एल कोराझोन' हा अल्बम. सगळं स्पॅनिशमध्ये, पारंपरिक वाद्यांवर. सगळं जग नाचायला तयार असताना हे सरळ मांडवामागे जाऊन बसले! काकाला तशी संधी कधी मिळालीच नाही. यांना मिळाली आणि यांनी तिचं हे केलं. लिहितानाही भरून येतंय.

मग 1992 चा 'किको' अल्बम, स्वप्नात ऐकल्यासारखा. 2021 च्या 'नेटिव्ह सन्स'ला ग्रॅमी. पन्नासच्या घरात वर्षं झाली, हिदाल्गो, पेरेझ, रोसास, लोझानो तेच. आणि एसीत बसलेला माणूस म्हणतो, एक गाणं!

'ला बांबा' लावा, खुशाल नाचा, मीही नाचते. पण ते संपलं की 'किको अँड द लॅव्हेंडर मून' लावा. निवेदकसाहेब, तुम्ही तर आधी.