तपासणीचा कागद केसच्या फाइलीत नको

कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या पोरांशी लैंगिक आरोग्याबद्दल बोलायची वेळ आली की मोठी माणसं एक तर विषय टाळतात, नाहीतर नीतीचे धडे देतात. मला दोन्हींचा राग येतो.

सुधारगृहातल्या मुलांशी बोलताना "ती चांगल्या घरची आहे, तिला कसला रोग असणार?" हे वाक्य हमखास येतं. हा गैरसमज निदान समजावून घालवता येतो. पण एखादी मुलगी म्हणते, "कंडोमचं नाव काढलं की तो म्हणतो, माझ्यावर विश्वास नाही का?" तेव्हा काय करायचं? कंडोम कशासाठी असतो हे तिला पक्कं ठाऊक असतं. पण हट्ट धरला तर मार बसेल, किंवा रात्री डोकं टेकायला जागा उरणार नाही, हा तिचा हिशोब असतो. भिंतीवरचं पोस्टर तिथे काय करणार? यातल्या कित्येकांनी लहानपणीच अत्याचार सोसलेले असतात. "तुला चालेल का?" असं त्यांना कधी कुणी विचारलेलंच नसतं, आणि आपण त्यांना जबाबदारीनं वागायला सांगतो! नकार कसा द्यायचा, कुणाच्या भरवशावर द्यायचा, यावर बोलायला हवं.

दुसरा गैरसमज, त्रास नाही म्हणजे रोग नाही. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाची बहुतेकांना लक्षणंच दिसत नाहीत. साध्या लघवीच्या तपासणीत तो कळतो, गोळ्यांनी बरा होतो. अंगावर काढला तर मुलीला पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की कोठडीत आलेल्या ३५ वर्षांपर्यंतच्या स्त्रिया आणि ३० वर्षांखालचे पुरुष यांची क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी (म्हणजे परम्यासाठी) आल्याआल्याच तपासणी करावी, नको म्हणायची मुभा ठेवून.

पण पोरगं दोन-चार दिवसांत जामिनावर सुटतं आणि रिपोर्ट मागून येतो. मग घरी फोन लावायचा? तो वडिलांनी उचलला तर? नमुना घेतानाच "तुला कुठे, कसं कळवू?" एवढं विचारलं तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि सगळ्यात मोठी भीती, हा कागद न्यायाधीशांसमोर जाईल. ती खोटी आहे असं छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या नियमांत कोठडीतल्या मुलाला दाखल होताच डॉक्टरकडून तपासून घेण्याचा हक्क आहे, आणि त्याची कागदपत्रं गोपनीय ठेवायची आहेत. माझी मागणी त्याहून थोडी पुढची आहे: आरोग्याची फाइल वेगळी, तिची किल्ली फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांकडे, आणि हे पहिल्याच दिवशी मुलाला त्याच्या भाषेत सांगायचं. तोवर पोरं "मी तसलं काही केलेलं नाही" असंच सांगणार, आणि रजिस्टरमध्ये "तक्रार नाही" असा शेरा पडत राहणार.