पोरांना काळजी नाही, असं म्हणू नका

"आजकालच्या पोरांना कशाचं काही पडलेलं नाही, हातात मोबाईल दिला की झालं." हे परवा पुन्हा ऐकलं आणि राहवेना, म्हणून लिहितेय.

सांगलीत पावसाची झड लागली की आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी सगळ्यात आधी बघतात ती माझ्या शिकवणीला येणारी गावभागातली पोरं. इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला, हे त्यांना तोंडपाठ. २०१९ ला कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. त्यातली एक मुलगी पाणी पस्तिशीला आलं की वह्या-पुस्तकं प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून माळ्यावर टाकते. घरातलं कोणी सांगत नाही तिला. ही काळजी नाही तर काय आहे?

२०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार जणांची पाहणी आली होती. हवामान बदलाची फार काळजी वाटते म्हणणारे अमेरिकेत ४६ टक्के, भारतात ६८, फिलिपिन्समध्ये ८४. पाहणी ऑनलाइन होती, त्यामुळे जतच्या वाडीवरची, टँकरची वाट बघणारी पोरगी त्यात असण्याची शक्यता कमीच.

मला विचाराल तर ही काळजी पुस्तकातून आलेली नाही, घरातून आलीय. तासगावकडचा एक मुलगा आहे. फळछाटणी झालेली, द्राक्षबाग फुलोऱ्यात, आणि नेमका तेव्हाच अवकाळी. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरची बुरशी, कशी येते, घड कसे कुजतात, हे तो माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. वडील रात्रीचे फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत, आणि हा घरात सोसायटीचं कर्ज आणि स्वतःच्या अकरावीची फी यांचा हिशोब मांडत बसलेला.

आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे राग. पूररेषेत भराव टाकून घरं कोणी बांधली, ओढे कोणी बुजवले, हे पोरांना दिसतं. सगळं पावसावर ढकलून मोठी माणसं मोकळी होतात, हेही दिसतं. त्यावर त्यांच्याशी कोणी बोलत नाही. शाळेत जलसुरक्षा विषय आहे, पण बहुतेकांचा प्रकल्प एकमेकांच्या वहीतून उतरलेला. नदीवर नेऊन पातळी कशी मोजतात, कोयनेतून विसर्ग वाढला की पाणी इथं यायला किती वेळ लागतो, हे त्यांना दाखवायला काय हरकत आहे?

दर वर्षी पावसाळ्याआधी पुराच्या तयारीच्या बैठका होतात. यंदा प्रत्येक वॉर्डातून नववी-दहावीची चार पोरं तिथं बोलवा. कुठल्या बोळात पाणी आधी शिरतं आणि कुठल्या घरात चालता न येणारी आजी आहे, हे त्यांना विचारा.