थोडा हवापालट करून या!

दमा आहे म्हणता? मग हवापालट करा, औषधबिषध नंतर पाहू. शहरात राहत असाल तर गावी जा, गावात राहत असाल तर शहरात या. दोन्हीकडे धाप लागली, तर दोष हवेचा नाही, तुमच्या नाजूक प्रकृतीचा.

निघण्यापूर्वी शहराचा नीट निरोप घ्या. रहदारीच्या रस्त्याकडची खिडकी ऐन गर्दीच्या वेळी सताड उघडा. ताजी हवा हवीच! तिच्यातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणजे ते नाहीतच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, पण खिडकीखालच्या ट्रकला तसं कुणी कळवलेलं नाही. हवेवर ठपका ठेवायचाच असेल, तर दम धरा. लंडनमधली एला किसी-डेब्रा अशाच एका रहदारीच्या रस्त्याजवळ राहायची. नवव्या वर्षी, २०१३ मध्ये, ती दम्याने गेली. तिच्या मृत्यूला दूषित हवाही कारणीभूत होती, हे कागदावर यायला डिसेंबर २०२० उजाडला.

असो. गावी पोहोचलात की छाती भरून श्वास घ्या. पहाटेची वेळ, ओलं लाकूड, बंदिस्त स्वयंपाकघर, धुराड्याचा पत्ता नाही. चुलीच्या धुरात तेच बारीक कण असतात, पण त्याला प्रदूषण म्हणायची पद्धत नाही. जगात दोनशे कोटींहून अधिक लोकांचा स्वयंपाक अजून असाच धुरात होतो. त्यातल्या बायकांना हवापालटाला कुठे पाठवायचं, ते अजून ठरलेलं नाही.

रात्री खास तुमच्यासाठी माळ्यावरची गादी खाली येते आणि तुमच्या डोळ्यांदेखत झटकली जाते. कंदिलाच्या उजेडात धुळीचा सोनेरी पडदा तरंगतो. त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे आणि त्यांची विष्ठा असते, पण पाहुण्याने असल्या गोष्टी काढू नयेत. उशीला कुबट वास येतो? थोडी बुरशी असेल. कूस बदला.

गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांना दमा कमी होतो, हे मात्र खरं आहे बरं का. अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट मुलांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही समाज शेतीवाले, पण जुन्या पद्धतीने गुरं राखणाऱ्या अमिशांच्या मुलांत दमा कितीतरी कमी निघाला. फक्त त्यासाठी जन्मच तिथे घ्यावा लागतो. चाळिशीत आठ दिवस गोठ्यात बसलात, तर शिंका तेवढ्या मिळतील.

वादळी पाऊस आला तर अंगणात जाऊन उभे राहा, हवा धुऊन निघते म्हणतात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ ला अशीच निघाली. वादळाने बाहेरच्या कुरणांतले गवताचे परागकण उचलले, ओलाव्याने ते फुटून बारीक झाले आणि सगळे शहरावर उतरले. हजारो लोक इस्पितळांत पोहोचले, दहा जण गेले. गावाची हद्द कुठे संपते, हे वाऱ्याला कुणी दाखवलं नव्हतं.

पंप घरीच ठेवा. सवय लागते, असं ज्यांना दमा नाही ते सगळे छातीठोकपणे सांगतात. श्वासनलिकांची सूज उतरवणारा रोजचा पंप तर चार दिवस बरं वाटलं की बंदच करायचा असतो, नाही का?

तिसऱ्या रात्री अडीच वाजता तुम्ही गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसलेले असाल. छातीतली सुंई-सुंई शेजारच्या खोलीत ऐकू जाईल. यजमान दार ढकलून विचारतील, "हवा मानवली नाही वाटतं?" मान हलवा, बोलायला दम पुरणार नाही. ते बिचारे धावत जाऊन गाडी बोलावतील. गाडी जुनी, डिझेलची. तुम्ही चपला शोधेपर्यंत ती खिडकीशी इंजिन चालू ठेवूनच थांबेल.