नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका

कम्पार्टमेंट सिंड्रोम (दुखापतीनंतर स्नायूंच्या बंद कप्प्यात सूज येऊन दाब वाढणं) आणि फॅसिओटॉमी (तो दाब मोकळा करायला स्नायूंभोवतीचं आवरण कापण्याची शस्त्रक्रिया) यांबद्दल तुमच्या लेखात सोप्या भाषेत लिहिलंय, पण ‘पावलात नाडी लागत असेल तर घाबरायचं कारण नाही’ हे वाक्य कृपया दुरुस्त करा. स्नायूंभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही. आत सूज वाढली की आधी केशवाहिन्या दबतात. मोठ्या धमनीतला प्रवाह बऱ्याचदा उशिरापर्यंत चालूच असतो. नाडी जाण्याची वाट पाहिली तर तोवर स्नायू मेलेले असतात. खरी खूण म्हणजे दुखणं. दुखापतीच्या मानाने फार जास्त, वेदनाशामकांनी न शमणारं, आणि दुसऱ्याने बोटं हलवून ताणली की असह्य होणारं. नडगीचं हाड मोडलेल्या तरुण रुग्णाला ‘नाटक करतोय’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

साधारण 6 तासांच्या आत दाब मोकळा झाला तर स्नायू वाचण्याची आशा चांगली असते. तोवर घट्ट प्लास्टर, बँडेज डॉक्टरांकडून लगेच कापून घ्यायचं, आणि पाय उंच न करता हृदयाच्या पातळीवर ठेवायचा. उंच केल्याने रक्तपुरवठा आणखी घटतो.

शस्त्रक्रियेनंतरची उघडी जखम पाहून नातेवाईक हादरतात, तेही लेखात यायला हवं होतं. ती मुद्दाम उघडी ठेवतात. सूज उतरली की काही दिवसांनी शिवतात, नाहीतर त्वचारोपण करतात.