चुकीच्या काळाचे कपडे म्हणजे आळशी लेखक? अजिबात नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय, मला एकटीलाच चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गोष्टीतलं पात्र भलत्याच काळाचे कपडे घालून दिसलं की खुशाल समजा, लिहिणाऱ्याने अभ्यास केलेला नाही. मग खाली कारणं दिलीत. खरी माणसं असं कधी करत नाहीत. काळात प्रवास करणारा माणूस सगळ्यात आधी कपडेच बदलेल. शेकडो वर्षं जगणारा जुन्या कोटात का फिरेल? भविष्यातल्या गोष्टीत जुन्या फॅशनी म्हणजे कल्पनाशक्ती संपली. पूर्वीचे मोठे लोक हे सगळं नीट सांभाळायचे. आणि शेवटी, अशा कपड्यांनी गोष्टीवरचा विश्वासच उडतो.

मी हौशी नाटकांचे कपडे शिवते, बरीच वर्षं झाली, आणि या पात्राला कुठल्या काळाचं काय द्यायचं यावर दिग्दर्शकाशी तासन्‌तास बोलणं हा त्या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही. एकेक मुद्दा घेते, पण जिथे त्यांचं बरोबर आहे ते आधी सांगते.

चुका होतात, हे खरंय. व्हायकिंग म्हटलं की शिंगांचा टोप डोळ्यासमोर येतो ना, तो व्हायकिंगांचा नाहीच. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला वॅग्नरच्या ऑपेराचे प्रयोग झाले, त्याचे पोशाख कार्ल एमिल डोप्लर या चित्रकाराने काढले होते, आणि शिंगं लोकांच्या डोक्यात घट्ट बसली ती मुख्यतः तिथून. डेन्मार्कमध्ये व्हेक्सो इथे शिंगांचे खरे टोप सापडलेत, पण ते इ.स.पूर्व ९०० च्या आसपासचे, म्हणजे व्हायकिंगांच्याही दीड हजाराहून जास्त वर्षं आधीचे. इथे एका काळाचं दुसऱ्या काळाच्या डोक्यावर चढलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, ही चूक. तसंच चेनचं. आपण आज वापरतो तशी चेन १९१३ च्या सुमाराला आली, त्यामुळे सोळाव्या शतकातल्या राणीच्या पाठीवर ती दिसली तर ते चूकच, मी तरी ती नेहमी हुकांच्या पट्टीखाली लपवते. एवढं मान्य. पण कधीकधी चूक असते म्हणून दर वेळी चूकच असते, हे कुठून आलं?

आता "खरी माणसं असं करत नाहीत" हे घ्या. अहो, करतात, रोज करतात. पदवीदानाला आपण जो काळा झगा घालून फोटो काढतो त्याचं मूळ युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत आहे. इंग्लंडमध्ये फौजदारी कोर्टात जज आणि वकील जे पांढरे केसांचे टोप घालतात ती सतराव्या शतकातली फॅशन, रस्त्यावरून कधीच गेली, कोर्टात राहिली. व्हॅटिकनमध्ये पोपची राखण करणाऱ्या स्विस गार्डचा पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख बघून वाटतं हा थेट सोळाव्या शतकातून आला, तर आत्ताचा तो पोशाख त्यांच्या कमांडरने, ज्यूल रेपाँ त्याचं नाव, १९१४ च्या सुमाराला ठरवला, जुनी चित्रं बघून. म्हणजे विसाव्या शतकातल्या माणसांनी ठरवून, विचार करून जुना काळ अंगावर घेतला.

आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे टेडी बॉईज. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या भारीतल्या शिंप्यांनी श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी सातव्या एडवर्डच्या काळातला, म्हणजे १९०१ ते १९१० मधला, लांब कोट परत आणला. तो कामगार वस्तीतल्या पोरांनी उचलला, आणि पोरांच्या अंगावर दिसायला लागल्यावर श्रीमंतांनी सोडून दिला. त्या पोरांनाच टेडी बॉईज म्हणायचे, टेडी म्हणजे एडवर्डचंच लाडाचं नाव. आता विचार करा, पन्नास वर्षांपूर्वीचा कोट घालून जाणारा तो पोरगा अज्ञानी होता का? त्याला पक्कं माहीत होतं की हा कोट माझ्या काळाचाही नाही आणि माझ्या ऐपतीच्या माणसाचाही नाही, आणि म्हणूनच त्याने तो घातला. गोष्टीत असा पोरगा आला तर कपडे बघून मला त्याच्याबद्दल दहा पानं वाचल्याइतकं कळेल, आणि हा मजकूर म्हणतो लेखक आळशी.

खरं तर आधुनिक कादंबरीची सुरुवात जिथून झाली असं पुष्कळ जण मानतात ते पुस्तकच एका चुकीच्या काळाच्या पोशाखावर उभं आहे. डॉन किहोते, पहिला भाग १६०५ चा. पन्नाशीच्या आसपासचा एक माणूस शूरवीरांच्या कथा वाचून वाचून पणजोबांचं गंजलेलं चिलखत कोपऱ्यातून काढतो, घासूनपुसून अंगावर चढवतो. शिरस्त्राणाला पुढचा भाग नसतो, तर तो पुठ्ठ्याचा करतो, तलवार मारून बघतो तर आठवड्याची मेहनत एका घावात जाते, मग आतून लोखंडी पट्ट्या लावून परत करतो आणि या वेळी घाव घालून बघतच नाही, मजबूतच आहे असं मानून टाकतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते, कारण वेड म्हणजे काय हे सांगायला एवढं पुरे आहे. पुढे खानावळीत तो टोप हिरव्या फितींनी असा बांधलेला असतो की निघत नाही, फिती कापू देत नाही, शेवटी खानावळवाला त्याला नळीतून वाईन पाजतो. त्याला त्याच्याच काळाचे कपडे घाला आणि बघा गोष्ट उरते का. एक म्हातारा माणूस घोड्यावर बसून चाललाय, बस.

काळात प्रवास करणाऱ्याचा मुद्दा. तो कपडे बदलेल हे ठीक आहे, पण घालेल कुठले? त्या काळाचे कपडे असे होते असं त्याला वाटतं, तसेच ना? "बॅक टू द फ्यूचर"मध्ये १९८५ मधला मार्टी १९५५ मध्ये पोचतो तेव्हा त्याचं फुगीर जाकीट बघून लोकांना वाटतं हा जहाजावरचा आहे, बुडू नये म्हणून घालतात तसलं काहीतरी घालून आलाय. हे झालं साधं. पण तिसऱ्या भागात तो १८८५ ला जाताना नीट तयारी करून जातो, १९५५ मधले डॉक, म्हणजे कालयंत्र बनवणारे त्याचे वैज्ञानिक मित्र, त्याला काउबॉयचे कपडे देतात, गुलाबी, झालरवाले, आणि १८८५ मध्ये पाय ठेवल्यावर सगळे हसतात. कारण तो पोशाख १८८५ चा नाहीच, १९५५ च्या माणसाच्या डोक्यातल्या १८८५ चा आहे! आणि तेच डॉक, जे पुढे स्वतः काळात प्रवास करून १८८५ मध्ये जाऊन राहिलेत, त्याला विचारतात की तुला असं सजवलं कुणी, आणि तो सांगतो, तुम्हीच. दोन वाक्यांत केवढं सांगितलंय, की आपण कुठल्याही जुन्या काळाकडे बघतो ते आपल्या काळाच्या काचेतून. अभ्यास न करता हे लिहिता येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी लिहून बघावं.

"डॉक्टर हू"चं वेगळं आहे. १९६३ मध्ये सुरू झालेली ब्रिटिश टीव्ही मालिका, डॉक्टर म्हणजे तिचा काळात फिरणारा नायक, आणि पहिला डॉक्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रज म्हाताऱ्यासारखा लांब कोट घालायचा आणि त्याच कोटात कुठल्याही शतकात उतरायचा. त्याला सगळे काळ मोकळे आहेत, म्हणजे एकही त्याचा घरचा नाही. असा माणूस प्रत्येक ठिकाणी तिथलेच कपडे घालून गेला तर त्याचं परकेपण दिसणार कशातून?

अमर माणसाच्या मुद्द्याला मजकुराने उदाहरण दिलंय ते ड्रॅक्युलाचं: रक्तपिपासू सरदार, काळा झगा, उभी कॉलर. इथे मजकुराचं उदाहरणच चुकलंय. १८९७ च्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला काळ्या कपड्यांत आहे, पण लंडनच्या धक्क्यावर तो चक्क गवताची हॅट घालून जातो, आणि ती त्याला शोभत नाही असं पुस्तकातच म्हटलंय. उंच कॉलरचा झगा आला १९२० च्या दशकातल्या नाटकात, आणि कॉलर एवढी उंच ठेवली कारण प्रेक्षकांकडे पाठ केली की नटाचं डोकं झाकलं जायचं आणि तेवढ्यात तो रंगमंचाच्या जमिनीतल्या चोरदारातून खाली गायब व्हायचा. (शिवणाऱ्याने एका युक्तीसाठी केलेली कॉलर शंभर वर्षं टिकते, यापेक्षा मोठं कौतुक मला तरी माहीत नाही.) आतला सूट तर तेव्हा श्रीमंत लोक रात्रीच्या जेवणाला घालायचे तोच. म्हणजे तो जुन्या काळाचे कपडे घालून आलाच नव्हता. काळ पुढे गेला, कपडे तिथेच राहिले, आणि आता आपल्याला ते प्राचीन वाटतात.

भविष्यात जुन्या फॅशनी. यावर फार लिहीत नाही, एकच सांगते. १९८२ चा "ब्लेड रनर" २०१९ मध्ये घडतो आणि त्यातली रेचेल १९४० च्या दशकातल्या बायकांसारखे रुंद खांद्यांचे सूट घालते, केसही तसेच बांधते. आणि गोष्टीत काय आहे, तर तिच्या आठवणी तिच्या नाहीतच, दुसऱ्या एका मुलीच्या आठवणी तिच्या डोक्यात घातल्यात. उसन्या आठवणींच्या बाईच्या अंगावर उसना काळ, मला तर यात कल्पनाशक्ती भरपूर दिसते. उलट १९६० च्या दशकात ज्यांनी भविष्याचे म्हणून चंदेरी चकचकीत कपडे मुद्दाम नवीन बनवले ते आज बघितले की पहिलं काय आठवतं? १९६० चं दशक.

"पूर्वीचे मोठे लोक सांभाळायचे" हे वाचून मात्र मला वाईट वाटलं, कारण हे नेमकं उलटं आहे. शेक्सपिअरचा ज्युलियस सीझर गर्दीसमोर आपलं डब्लेट उघडून गळा पुढे करतो, डब्लेट म्हणजे शेक्सपिअरच्या वेळचे पुरुष घालायचे ते अंगाला घट्ट बसणारं जाकीट, रोमन लोकांनी ते कधी बघितलंही नव्हतं. त्याच नाटकात घड्याळाचे तीन ठोकेही पडतात. त्याच्या "टायटस अँड्रॉनिकस"चं १५९५ च्या सुमाराचं एक रेखाचित्र आहे, त्यात टायटस रोमन वेशात आणि त्याच्या मागचे शिपाई सरळ पहिल्या एलिझाबेथ राणीच्या, म्हणजे शेक्सपिअरच्याच काळातले. नटांकडे कपडे यायचे कसे, तर सरदार मरताना चांगले कपडे नोकरांना ठेवून जायचे, नोकरांना ते घालायची मुभा नसायची म्हणून ते नटांना विकायचे, हे १५९९ मध्ये लंडन बघायला आलेल्या थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने लिहून ठेवलंय. मला हे वाचून फार जवळचं वाटतं, कारण मिळालेल्या कपड्यातून राजा उभा करायचा हे काम आम्ही आजही करतो.

बरं, नाटकात त्याच काळाचे अचूक कपडे हवेत हा आग्रह कधी जोरात आला? १८२३ मध्ये, लंडनला शेक्सपिअरच्याच "किंग जॉन"चा प्रयोग झाला तेव्हा प्लांशे नावाच्या माणसाने थडग्यांवरच्या मूर्ती, जुने शिक्के, हस्तलिखितं बघून पोशाख केले. नटांनाच भीती होती की हे टोप घालून गेलो तर लोक हसतील, पण पडदा उघडल्यावर लोकांनी कौतुकाने थिएटर डोक्यावर घेतलं. मला प्लांशेबद्दल आदरच आहे. पण त्याच्या आधीची शेकडो वर्षं लोक डब्लेटवाल्या सीझरसाठी रडतच होते.

राहिला विश्वास उडण्याचा मुद्दा. शेरलॉक होम्सची ती कान झाकणारी टोपी कुठे घालतात, तर खेडेगावात, शिकारीला, प्रवासात. सिडनी पॅजेटने १८९१ मध्ये प्रवासातल्या प्रसंगासाठी ती चित्रात काढली, पुस्तकात नुसती घट्ट बसणारी कापडी टोपी एवढंच आहे. आज लंडनच्या ड्रॉइंगरूममध्येही होम्सच्या डोक्यावर ती नसली तर लोकांना तो होम्स वाटत नाही. हे काळाचं नाही, ठिकाणाचं झालं, पण विश्वास अचूकपणावर टिकत नाही हे त्यातून दिसतं. फ्रान्सच्या राणीवरच्या २००६ च्या "मारी आंत्वानेत" या सिनेमात अठराव्या शतकातल्या बुटांच्या ढिगात क्षणभर आजचे कॅनव्हासचे बूट दिसतात, त्यावर किती बोललं गेलं, आणि त्याच सिनेमाला कपड्यांचं ऑस्कर मिळालं. ज्या मुलीचं चौदाव्या वर्षी लग्न लावून परक्या दरबारात पाठवलं तिचं वय एका बुटाच्या जोडीने मला एकदम समोर दिसलं, माझा विश्वास वाढला.

पण माझं खरं उत्तर मिस हॅविशम आहे. डिकन्सच्या "ग्रेट एक्स्पेक्टेशन्स"मधली. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचं पत्र आलं, लग्न मोडलं, तेव्हापासून घरातली सगळी घड्याळं नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबवलेली आणि ही बाई तोच लग्नाचा झगा घालून बसलेली, पांढऱ्याचा पिवळा झालेला, एका पायात बूट, दुसरा टेबलावर. आणि डिकन्सने एक गोष्ट लिहिलीय जी कपडे शिवणाऱ्यालाच सुचावी असं मला वाटतं: तो झगा एका तरुण, भरलेल्या अंगाच्या बाईच्या मापाचा होता आणि आता हाडांवर नुसता लोंबतोय.

मी एकदा अशाच एका भूमिकेचा झगा शिवला, वर्षानुवर्षं एकाच दिवसात अडकलेल्या बाईचा. आधी मी नटीच्या मापाने बेतला होता आणि तो सुंदर बसला, आणि बघणाऱ्या कुणालाच काही वाटलं नाही. मग सगळी शिलाई उसवली, छाती-कमरेला चार-चार इंच वाढवून, खांदे रुंद करून, ती बाई पंचविशीत असेल त्या अंगाच्या मापाने परत बेतला. पुढच्या तालमीला ती तो घालून आली, चालताना खांद्यावरून घसरायचा म्हणून सारखा एका हाताने धरून ठेवायला लागली, आणि दिग्दर्शक म्हणाले, तो हात तसाच राहू दे.