थुंकता न येणाऱ्या मुलाला लवंग तेल?

ठाणे-वाशी-नेरुळकडच्या विशेष मुलांच्या पालकांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘फ्लोराइडची पेस्ट विष आहे, आपली मुलं ती गिळतात. पेस्ट बंद करा. कडुलिंबाची काडी, खोबरेल तेलाच्या गुळण्या आणि लवंग तेल पुरे. सगळं नैसर्गिक, म्हणून निर्धोक.’

आधी विषाचं बघू. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे एक मिलिग्रॅम. विषबाधेची शंका घ्यायची ती वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम पोटात गेल्यावर. १५ किलोच्या मुलाला त्यासाठी एका बैठकीत ७५ ग्रॅम पेस्ट खावी लागेल. ब्रशवर घ्यायची असते तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. रोज जास्त गिळल्यास पक्क्या दातांवर पांढरे डाग येतात हे खरं. म्हणून ट्यूब मुलाच्या हाती देऊ नये, इतकंच.

आणि गिळण्याचीच भीती, तर मग लवंग तेल कसं चाललं? एक-दोन चमचे पोटात गेल्यावर लहान मुलांना झटके, बेशुद्धी, यकृतावर घाव, इथवर वेळ आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. हिरडीला लागलं तरी पोळतं. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या) मुलाला तर तेलाच्या गुळण्या नकोतच. गिळण्यावर ताबा नसला की तेल श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून होणारा न्यूमोनिया चिवट असतो. काडीचंही तसंच: तोंडात काही आलं की ही मुलं कचकन चावतात, तुकडा घशात जातो.

त्रिफळा किंवा कडुलिंबाच्या चुळांनी दातांवरचा थर कमी झाल्याचे छोटे अभ्यास आहेत. चूळ भरून थुंकणाऱ्या मुलाला, डॉक्टरांना विचारून, जोडीला द्यायला हरकत नाही. ब्रशऐवजी मात्र नको. फिटसाठी फेनिटॉइन हे औषध चालू असेल तर हिरड्या वाढू शकतात, आणि थर साचला की जास्तच. औषधाचं गोड सिरप रोजचं असेल तर किडीचा धोका वाढतो.

मुलाचं डोकं मांडीवर घेऊन मागून ब्रश करा, उरलेला फेस ओल्या गॉजने टिपा. ऑटिझमच्या मुलाला फेस किंवा पुदिन्याचा झणका सहन होत नसेल तर बिनफेसाची, सौम्य चवीची फ्लोराइड पेस्ट बघा. नेरुळ, खारघर, कामोठे इथल्या दंत महाविद्यालयांत बालदंतरोग विभाग आहेत. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या, अशा मुलांसाठी असलेल्या निरामय आरोग्य विम्यात प्रतिबंधक दंतोपचारही येतात. कार्ड असेल तर पावत्या जपून ठेवा.